वजडी, बॅटरीचं पाणी आणि ज्योतीचं माहेर

नागापूर, अहिल्यानगर
(एसटीच्या पाटीवर आता असंच लिहितात. तुम्ही मात्र नगरच म्हणणार, हे मला ठाऊक आहे.)

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामींना जावई महेंद्रचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर कशी आहे? (मागे आलो तेव्हा त्या चहा बिनसाखरेचा घेत होत्या आणि पेढ्यांचा डबा त्यांच्या उशाशी होता, म्हणून विचारलं. राग नसावा.) इकडे सगळं उत्तम आहे. आई बरी आहे, मी बरा आहे, दूधवाला वेळेवर येतो. ज्योती तुमच्याकडे आल्यापासून इथे काही अडलं आहे असा कुणाचा समज झाला असेल, तर तो चुकीचा आहे. कुकर मी स्वतः लावतो. पहिल्या दिवशी डाळ छताला लागली, पण घर भाड्याचं आहे.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही 'हां, बोला' म्हणता आणि मग मला काही सुचत नाही. विषय असा, की ज्योती 'चार दिवस श्रीरामपूरला जाते' म्हणून गेली, त्याला आता चारापेक्षा बरेच दिवस झाले. फोन केला तर उचलते, 'कामात आहे' म्हणते आणि ठेवते. माहेरी मुलीला कसलं काम असतं ते मला माहीत नाही, तुम्हाला असेल. तिनं घरी यावं असं मला वाटतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात शंका राहायला नको. पण मी विनवण्या करायला बसलेलो नाही. तुम्ही श्रीरामपूर डेपोत वाहतूक नियंत्रक होतात. ड्रायव्हर-कंडक्टर भांडत खिडकीशी आले की तुम्ही दोघांचंही पूर्ण ऐकून घ्यायचात आणि मगच दोघांना झापायचात, असं लोक अजून सांगतात. तोच न्याय मला हवा आहे. ज्योतीनं तिची बाजू तुम्हाला सांगितली असेलच. आणि सांगितली नसेल तर माझं जास्तच अवघड आहे, कारण ती गप्प बसली की समोरच्याला आपोआप तिचंच खरं वाटायला लागतं. मला घरात याचा चांगलाच अनुभव आहे.

तर या सगळ्याच्या मुळाशी आमचं कॉलेज. मी तिथे प्राणिशास्त्राचा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे तास असेल तेवढा वेळ प्राध्यापक आणि मे महिन्यात कुणीच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. (लग्न ठरताना 'लवकरच कायम होणार' असं आमच्याकडून सांगितलं गेलं होतं. ते लवकरच अजून चालू आहे.) यंदा मूल्यांकन समिती येणार असं पत्र आलं आणि कॉलेजचं लग्नघर झालं. भिंतींना रंग लागला. वनस्पतिशास्त्रानं रोपवाटिकेतून औषधी झाडांच्या कुंड्या परतीच्या बोलीवर आणल्या. तुळशीपुढे 'शतावरी' अशी पाटी लागली होती, ती मीच हलवली. ग्रंथालयाची रिकामी कपाटं भरायला शेजारच्या शाळेतून पुस्तकं आली, त्यामुळे संदर्भग्रंथ विभागात इयत्ता सहावीचा भूगोल दिसू लागला. प्राचार्यांचा हुकूम एकच होता: समितीच्या नजरेला काहीही रिकामं दिसता कामा नये. आमच्या विभागाकडे दाखवायला फॉर्मलीनच्या बरण्या, आणि त्यांतला साप माझ्या जन्माच्या आधीचा. प्राचार्य मला म्हणाले, सर, मेलेलं पुरे झालं, काहीतरी जिवंत दाखवा, तुमच्या कायम होण्याचं मग बघू. मी घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

ज्योतीनं लग्नाआधी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम केलं आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटेच्या गाडीत तुम्हीच तिला जागा धरून द्यायचात. (इथे आल्यापासून तिला विश्रांतीच आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीनं तपासणीच्या कामाला बोलावलं होतं, पण आईचं ब्लडप्रेशर, माझा डबा, असं सगळं जमवता जमवता ते राहून गेलं. तिनंही काही म्हटलं नाही, म्हणजे तिलाही पटलं असणार.) तिनं मला उठवून चहा दिला, काय झालं ते विचारलं आणि म्हणाली, यात पडून राहण्यासारखं काय आहे, कॅल्शियमचं दाखवा की.

हे कॅल्शियमचं म्हणजे काय, ते तुम्हाला समजलं पाहिजे, नाहीतर माझी बाजू समजणार नाही. आपल्या कातडीत, तोंडात, आतड्याच्या अस्तरात पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात. नुसत्या खेटून नाही, एकमेकींचे हात धरून. हे हात म्हणजे कॅडहेरिन नावाचं प्रथिन, पेशीच्या अंगातून बाहेर आलेलं. पण त्या हातांतला जोर कॅल्शियमचा. कॅल्शियम असलं की हात ताठ राहतो आणि शेजारणीच्या हाताला धरतो. कॅल्शियम काढून घेतलं की हात लुळा पडतो आणि पकड सुटते. पेशी तेवढ्यानं मरत नाही, एकटी पडते. ज्योती म्हणाली, फुगडी आठवा. दोघींनी हात ताठ धरले तरच ती फिरते, एकीनं मनगट ढिलं सोडलं की दोघीही पडतात. मी म्हणालो, हे सगळं मला माहीत आहे. (फुगडी मला माहीत होती.)

आणि हे डोळ्यांनी दाखवता येतं. ईडीटीए नावाचं एक रसायन आहे, ते कॅल्शियमला असं कवटाळून बसतं की दुसऱ्या कुणाच्या कामाला येऊ देत नाही. बोकडाचं ताजं आतडं त्याच्या द्रावणात कोमट ठेवायचं आणि थोड्या वेळानं हलवायचं. आतलं अस्तर सुटतं, पाणी गढूळ होतं, आणि त्या गढूळ थेंबात मायक्रोस्कोपखाली पेशी सुट्या सुट्या दिसतात. दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम राहू द्यायचं, तिथे अस्तर जागचं हलत नाही. फक्त एक सांभाळा, ज्योती म्हणाली, पाणी बोअरचं घ्यायचं नाही. आपल्या इकडच्या पाण्यात मुळातच इतका क्षार, की सगळं ईडीटीए त्या पाण्यातल्याच कॅल्शियमला धरून बसेल आणि आतड्यातलं कॅल्शियम तसंच राहील. बॅटरीत घालतात ते पाणी आणा. हे तिनं मला पुन्हापुन्हा सांगितलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं, पण तिला तशी सवयच आहे.

आता अडचण अशी, की वर्षावासाचे पावसाळी महिने चालू होते. आमच्याकडे या महिन्यांत मटण-मासळी बंद असते, आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका ग्रंथवाचनाला आमच्या घरी जमतात. वाचते ज्योती, देखरेख आईची, म्हणजे गल्लीच्या आक्काबाईची. अशा घरात मी बोकडाची वजडी, म्हणजे आतडी, घेऊन आलो. (मटणवाल्यानं विचारलं, सर, वर्षावासात? मी म्हणालो, अभ्यासाला लागते. त्यानं फार समजूतदार चेहरा केला आणि काळ्या पिशवीवर आणखी एक काळी पिशवी घातली.) मायक्रोस्कोप कॉलेजातून चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर आणला. आई दुपारी आडवी झाल्यावर ज्योतीनं ओट्यावर काम सुरू केलं. पातेल्यात कोमट पाणी, त्यात बाटल्या, शेजारी दुसऱ्या शेगडीवर रात्रीच्या भाजीची तयारी. मी दाराशी पहारा दिला, हेही काम कमी नव्हतं. बराच वेळ ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला होता, की लग्न ठरायच्या आधी आमच्या घरी तिचा जो फोटो आला होता त्याची मला आठवण झाली. सुटल्या, बघा, म्हणाली. मी पाहिलं. खरोखरच एकेक पेशी वेगळी, गोल, आपापली. मग तिनं ईडीटीए काढून पुन्हा कॅल्शियम घातलं आणि आम्ही वाट पाहत बसलो. हळूहळू त्या जवळ येऊन गुच्छ धरायला लागल्या. ज्योतीनं मोबाईल मायक्रोस्कोपच्या तोंडाशी धरून त्याचे फोटो काढले. बाहेर आईनं हाक मारली ती आम्हा दोघांनाही ऐकू आली नाही.

उरलेली वजडी डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी बायका आल्या, गरम होत होतं, त्यांतल्या साळूबाईंना गार पाणी हवं होतं, आणि त्यांनी डबे सरकवता सरकवता नेमकं त्याच डब्याचं झाकण उघडलं. मामा, डबा हातोहात सगळ्या बायकांपुढून फिरला. मग आई म्हणाली, 'आक्काबाईच्या घरात वजडी? आन् ती बी वर्षावासात?' आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी शांतपणे सांगितलं, की हे ज्योतीचं आहे. आणि ते खरंच होतं. प्रयोग तिचा, डबा तिच्या माहेरचा, ठेवला तिनं. मी जे खरं तेच बोललो. आई तिला म्हणाली, 'शिकल्याली सून आनली ती ह्याच्यासाठी व्हय?' ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोवर ग्रंथ उघडून, काल वाचन कुठं थांबलं होतं ते बायकांना दाखवत होतो, कारण वातावरण निवळणं महत्त्वाचं होतं.

माझं स्पष्ट मत असं आहे, की ती रागावली ती इथेच. वजडीवरून. पुढचं सगळं किरकोळ आहे, पण बाजू पुरी मांडायची म्हणून सांगतो.

समितीच्या दिवशी मी ज्योतीला सोबत नेलं, कारण ड्रॉपरनं थेंब घेताना माझा हात थरथरतो. बॅटरीच्या पाण्याचा कॅन आदल्या दिवशीच विभागात आणून ठेवला होता. सकाळी त्याच कॅनमधून आम्ही द्रावणं बनवली. आता जे नंतर उघड झालं ते आधीच सांगतो. आमच्याकडे कानिफनाथ नावाचा शिपाई आहे. प्राचार्यांचा स्लाइड शो चालू असताना वीज गेली तर नाक कापलं जाईल, म्हणून त्याला हुकूम होता, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी भर. त्यानं आदल्या संध्याकाळीच आमचा कॅन नेला आणि बॅटऱ्यांत रिकामा केला. नंतर मी त्याला खडसावलं तेव्हा तो म्हणाला, 'सायबच म्हनले ना, रिकामं काय दिसू नये. म्हून कॅन बोअरवर भरून परत ठिवला.' हुकमाचं इतकं काटेकोर पालन आमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी वीज गेलीही नाही.

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, वाणिज्य शाखेचे, मोठे प्रसन्न गृहस्थ. मी दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. पहिलीत अस्तर जागचं हललं नव्हतं, ते बरोबर. दुसरीतही हललं नव्हतं. मी बाटली हलवली, मग जोरात हलवली, मग प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले म्हणून थांबलो. ज्योतीनं अस्तराचा तुकडा खरवडून काचेवर घेतला. मी पाहिलं तर पेशी एकमेकींना बिलगून, जशा बोकडात होत्या तशाच. तेवढ्यात अध्यक्ष स्वतःच पुढे आले, डोळा लावला आणि म्हणाले, वा, काय घट्ट धरलंय एकमेकांना. प्राचार्यांचा विषय इतिहास, पण प्रसंगावधान दांडगं. ते लगेच म्हणाले, सर, हीच आमच्या संस्थेची ओळख आहे, कसलंही रसायन ओता, आमचं माणूस सुटत नाही. (दर जूनमध्ये आमचे निम्मे प्राध्यापक सुटतात, पण त्याला रसायन लागत नाही.) टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी वहीत 'उल्लेखनीय' असं लिहिलं. मी म्हणणार होतो, की साहेब, प्रयोग फसला आहे. वाक्य जुळवून तयार होतं. पण टाळ्या चालू असताना बोलणं बरं दिसत नाही, आणि टाळ्या थांबल्यावर उशीर झाला होता.

मग त्यांनी विचारलं, कल्पना कुणाची? मी म्हणालो, माझी. मामा, जरा माझ्या जागी उभं राहून पाहा. समोर समिती, बाजूला प्राचार्य, मध्ये माझं कायम होणं. अशा वेळी 'बायकोची' म्हणालो असतो तर माणसं हसली असती, आणि बाहेरची व्यक्ती प्रयोगशाळेत कशी आली असा तांत्रिक मुद्दा निघाला असता तो वेगळाच. तेवढ्यात अध्यक्षांचं लक्ष कोपऱ्यात ड्रॉपर घेऊन उभ्या असलेल्या ज्योतीकडे गेलं. आणि या? प्राचार्य म्हणाले, त्या चहाचं बघतात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवण्याचे अनेक अर्थ होतात, त्यांनी त्यांना हवा तो घेतला, याला मी काय करणार. ज्योती खरोखरच समंजस. तिनं ड्रॉपर खाली ठेवला, ट्रे उचलला आणि सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. अध्यक्ष म्हणाले, चहासुद्धा उत्तम आहे.

सगळे पुढच्या विभागात गेले तेव्हा ती मायक्रोस्कोपपाशी आली. दुसऱ्या बाटलीचा तुकडा पाहिला आणि विचारलं, पाणी कुठलं? मी म्हणालो, कॅनमधलं, तुझ्यासमोरच घेतलं की. तिनं कॅनमधला एक थेंब कोऱ्या काचेवर टाकला आणि काच खिडकीत उन्हात ठेवली. वाळल्यावर तिथे पांढरा डाग उरला, आपल्या माठाखाली उरतो तसाच. ती काच तिनं माझ्या हातात दिली. येताना मोटारसायकलवर ती माझ्या खांद्याऐवजी मागचं कॅरिअर धरून बसली. मला वाटलं, माझ्या शर्टाला वजडीचा वास येत असेल.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात माझा शाल पांघरलेला फोटो आला. वर मथळा: 'पेशी कधीच सुटत नाहीत, प्रा. महेंद्र यांचे संशोधन'. मथळा मी दिलेला नव्हता. बातमी मी दिली होती. ज्योतीनं ती बातमी आईला वाचून दाखवली, वर्षावासाचा ग्रंथ वाचते तशीच, स्वच्छ आणि सावकाश, कुठंही आवाज न चढवता. आईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मंग ती वजडी ह्याची हुती व्हय?' मी म्हणालो, आई, ते वेगळं, हे वेगळं. आई म्हणाली, 'येगळं कसं? वजडी तर तीच हाय.' आता म्हाताऱ्या माणसाला विज्ञानातले बारकावे कुठवर समजावणार. मी कॉलेजला निघून गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ज्योतीची बॅग दाराशी होती.

तेव्हापासून मी माझ्या बाजूनं जे जे शक्य ते केलं आहे. फ्रिज सोडा आणि लिंबानं आतून बाहेरून पुसला. तो डबा आता घरात नाही. यापुढे वर्षावासातच काय, बारा महिने या घरात वजडी येणार नाही, असं मी आईसमोर जाहीर केलं. आईनं ते ऐकून फक्त ताट पुढे सरकवलं. ती हल्ली वाढते, बोलत नाही. वाचनाला बायका येतात, 'ज्योतीताई कवा येनार?' असं विचारतात, आणि उत्तराची वाट पाहत बसतात. एक दिवस मी स्वतः वाचायला बसलो तर तिसऱ्या पानाला साळूबाईंना कुकर लावल्याचं आठवलं, मग बाकीच्यांनाही आपापले कुकर आठवले. घर तसं मोठं नाही, दोन खोल्यांचं, पण संध्याकाळी ते फार मोठं होतं. असो.

एका वजडीपायी माणसानं किती ताणून धरावं, याचा निकाल तुम्ही द्या. तुमचा अनुभव मोठा आहे. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा, जिना कमी करा. मामींना सांगा, पेढे कमी करा. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

तुमचा जावई,
महेंद्र

ता.क. हे पत्र ज्योतीला दाखवू नये. दाखवलंच तर आधी फ्रिज पुसल्याचा भाग दाखवावा.

ता.क. दोन. एक छोटं काम राहिलं. समितीचे अध्यक्ष माझ्या प्रयोगावर इतके खूश झाले, की त्यांनी त्याच दुपारी पुण्याच्या त्यांच्या ओळखीच्या एका विभागप्रमुख बाईंकडे माझं नाव सुचवलं, आणि पुढच्या बुधवारी तिथल्या कार्यशाळेत मला हा प्रयोग करून दाखवायचा आहे. तिथे येणारी माणसं या विषयातलीच आहेत. त्यांना पेशी सुटलेल्याही पाहायच्या आहेत आणि पुन्हा धरलेल्याही. तेव्हा ज्योतीला, सहज गप्पा मारता मारता, ईडीटीए किती घालायचं, पाणी किती कोमट, आणि कॅल्शियम परत नेमकं कधी घालायचं, एवढं विचारून कळवावं. माझं नाव काढू नये. तुम्हालाच कुतूहल आहे असं दाखवावं. किंवा सगळ्यात सोपं म्हणजे तिला मंगळवारपर्यंत पाठवून द्यावं. तिलाही पुणं बघायला मिळेल, कोपऱ्यात उभं राहायला तिथे जागा भरपूर असते.

ता.क. तीन. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो. वरचं सगळं काम रद्द. आत्ताच प्राचार्यांचा फोन येऊन गेला. ज्योतीनं चहा दिला त्याच संध्याकाळी अध्यक्षांना ईमेल केला होता, की प्रयोग फसला आहे, पाणी बोअरचं होतं, खरा निकाल असा दिसतो, आणि सोबत आमच्या ओट्यावर काढलेले ते फोटो. अध्यक्षांनी तो पुण्याला बाईंकडे धाडला. बाईंनी माझ्या जागी ज्योतीला बोलावलं आहे, आणि कार्यशाळा संपल्यावर तिथेच काम देऊ केलं आहे. ती ते घेते आहे. एवढे दिवस श्रीरामपुरात ती याच तयारीत होती, आणि तुम्ही दोघांनी मला अक्षरानं कळू दिलं नाही, याचं मला वाईट वाटलं. (अहवालात काही फरक नाही. 'उल्लेखनीय' ते उल्लेखनीयच राहिलं, कारण अहवाल पुढे गेला होता. प्राचार्यांनी 'आपली चूक आपण होऊन कळवणारी संस्था' असा एक नवा मुद्दा त्याला पुरवणी म्हणून जोडायला घेतला आहे.) प्राचार्यांनी विचारलं, या ज्योती मॅडम कोण? मी म्हणालो, माझी बायको. ते म्हणाले, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी म्हणालो, सर, रेंज जातेय.

मग मी ज्योतीला मेसेज केला. अभिनंदन, झालं ते झालं, आता परत कधी येतेस ते कळव. उत्तर लगेच आलं. मी तारीख विचारली होती, तिनं विज्ञान पाठवलं. जसंच्या तसं उतरवतो: 'एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. कॅल्शियम काढून घेतलं की पेशींचे हात नुसते सुटत नाहीत, उघडे पडतात. तेव्हा जवळ कापणारं काही असलं तर ते कापले जातात. मग वरून कितीही कॅल्शियम ओता, पेशी धरत नाहीत, कारण धरायला हातच उरलेले नसतात. पेशीला नवे हात तयार करावे लागतात. होतात, पण त्याला वेळ द्यावा लागतो.'

मी ते प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून वाचलं. सगळं बरोबर आहे. मग जेवायला बसलो आणि ताट तसंच झाकून ठेवलं. मामा, वेळ किती, ते तिनं लिहिलेलं नाही, आणि तिला विचारायचा मला धीर होत नाही. तुम्ही विचाराल का? या वेळी माझं नाव सांगून विचारा.